लग्नपत्रिकांच्या पाठीवरचं जपानी

बाई,

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि तुमच्या वस्तू घरातून पांगायला लागल्या. भांडणतंटा काही नाही, तुमची लेकरं तशी नाहीतच. हिरवं लुगडं थोरलीने आठवण म्हणून नेलं, काठी आणि चष्मा धाकट्याने दर्यापूरला नेला. मग कपाटातून ते मिठाईचे तीन डबे निघाले. आमच्या प्रज्ञाने झाकण उघडलं तर आत कडुलिंबाचा वाळका पाला आणि लग्नपत्रिकांचे तुकडे. सुनेच्या जातीने तिने साफसफाई काढलेली, विचारलं, "आई, हे काय आहे? टाकून देऊ काय?" मी म्हटलं, "राहू दे, माझं आहे." आता ते ना माझं ना तुमचं. दोघींनी मिळून केलेलं काम एकीच्या हाती आलं की तिने त्याचं काय करायचं, हे मला कुणी सांगावं!

लोक भेटायला येत होते तेव्हाची गोष्ट सांगते. आलेला माणूस आधी तुमच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवायचा, मग मुलीजवळ बसायचा, मग नातीला जवळ घ्यायचा. मग माझ्याकडे वळून म्हणायचा, "वहिनी, पाणी मिळंल काय?" पाणी मीच दिलं, चहाही मीच दिला. तक्रार नाही, रीतच तशी आहे. भावजय नणंदेसाठी रडते तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, चांगल्या वळणाची आहे, रीत सांभाळते. म्हणून मी स्वयंपाकघरात रडले, आणि चहात साखर दोनदा पडली. मयताच्या घरचा चहा कसाही असला तरी लोक पितात.

आणि आपलं नातं तरी कुठे रडण्यासारखं होतं? मी या घरात आले तेव्हा तुम्ही दर्यापूरहून यायच्या आणि माझी भाकर उजेडात धरून बघायच्या. "मास्तरीनबाईच्या भाकरीतून आरपार दिसते," हे तुम्ही भरल्या पंगतीत म्हणालात. मी तुमच्यामागे तुम्हाला फौजदारीण म्हणायची. विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात ते आपलं. तुमचे भाऊ मधे होते तोवर ते दोघींचं ऐकून घ्यायचे आणि पेपर वाचायचे. ते गेल्यावर तर आपल्यात भांडायलाही कारण उरलं नव्हतं.

मग तुमचा गुडघा बदलला. ऑपरेशन अमरावतीत, व्यायाम शिकवणारी मुलगी राजापेठेत, म्हणून महिनाभर आमच्याकडे राहायचं ठरलं. मी मनात म्हटलं, महिना काय, दात-ओठ खाऊन काढू. माझा नितीन आणि प्रज्ञा सकाळी कामावर गेले की घरात आपण दोघीच. खाली शिकवण्यांना जाणाऱ्या पोरांच्या गाड्यांचा गोंगाट, वर तुमचा कण्हण्याचा आवाज. तुम्हाला टीव्हीवरच्या सासवा आवडत नव्हत्या. "अशी सासू मी बी होतो, पैसे देऊन काहून पाहू?" म्हणून नितीनने मोबाइलवर शेतीचे व्हिडिओ लावून दिले, आणि एकातून दुसरा निघत निघत ती जपानची म्हातारी निघाली.

आठवतं ना? अंगणात उकिडवी बसून ती शेंगा सोलत होती. डोक्याला रुमाल बांधलेला. तुम्ही उशीवरून अर्ध्या उठलात. "शोभे, इकडे ये व! हे तं सोयाबीन हाय!" मी पीठ मळता मळता आले. ती दाणे भिजवत होती, वाटत होती, दूध काढत होती, त्याच्या पांढऱ्या वड्या पाडत होती. त्या वड्या तिने कुणाला विकल्या नाहीत, ताटलीत घेऊन मिटक्या मारत खाल्ल्या. तुम्ही म्हणालात, "म्या जिंदगीभर हे पेरलं, सोंगलं, गाडीत भरून तेलाले धाडलं. एक दाना तोंडात टाकला नाही. अन् हे म्हातारी मजेनं खाऊन राहिली." मग विचारलंत, "काय म्हनते ते याले?" व्हिडिओत वस्तू आली की खाली इंग्रजीत नाव यायचं आणि म्हातारी तिच्या बोलीत उच्चारायची. मी ऐकून सांगितलं, "दाइझु." तुम्ही दिवसभर दाइझु दाइझु करत बसलात. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीलाही तुम्ही ते विचारलं आणि तिला येत नाही म्हणून खूश झालात.

महिनाभराच्या पाहुण्या तुम्ही, आलात गुडघ्यासाठी आणि राहिलात जपानीसाठी. तीन पावसाळे.

कार्डांची युक्ती माझी, एवढं तरी श्रेय घेऊ द्या. शाळेत मी पहिलीच्या पोरांना अशीच अक्षरं शिकवायची. पण कार्ड कसलं करायचं यावर तुम्ही कपाटातला लग्नपत्रिकांचा गठ्ठा ओढलात. वऱ्हाडात लग्नं काही थोडी होतात? जाड, गुळगुळीत, पाठ कोरी. त्यावर बुद्धांचं चित्र असेल तेवढं कापून वेगळं ठेवायचं, वधूवरांच्या नावांना कात्री लावायची नाही ("लेकराईचा संसार हाय, कापू नोको"), बाकीचं आपलं. कानाने ऐकायचं, देवनागरीत लिहायचं.

दुसऱ्या बाजूला मी अर्थ लिहायला घेतला तर तुम्ही पेन धरलात. मराठी लिहायची नाही म्हणालात, वस्तूच लावायची. सोयाबीनच्या कार्डाला डिंकाने सोयाबीनचा दाणा लावला. दोऱ्याच्या कार्डाला दोरा, पिवळ्याच्या कार्डाला हळदीचं बोट, मिठाच्या कार्डाला मीठ. पिसाच्या कार्डासाठी तुम्ही गच्चीवर काठी टेकत चढलात आणि कबुतराचं पीस घेऊन उतरलात. मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. पण कार्ड हातात धरलं की तुम्हाला शब्द यायचा आणि मला अडखळायला व्हायचं, मग मीही डिंक लावायला लागले.

डब्यांची नावंही तुमचीच. नवे शब्द पेरणीच्या डब्यात. अर्धवट येणारे डवरणीच्या डब्यात, म्हणजे त्यांच्यामधलं तण अजून काढायचं आहे. पक्के झालेले मळणीच्या डब्यात. मळणीतला शब्द चुकला की तो परत पेरणीत जायचा, आणि तुमचा जाताना मी हसायची, माझा जाताना तुम्ही.

आणि मग भर पावसाळ्यात मळणीच्या डब्यातून टोके निघाले! धान्य चिकटवलेलं, दमट हवा, दुसरं काय होणार? तांदळाचं कार्ड पोखरलं, मुगाचं गेलं, मिठाला पाणी सुटून शेजारचे चार शब्द पुसले. शब्दांना कीड लागलेली मी माझ्या नोकरीत कधी पाहिली नव्हती. प्रज्ञा म्हणाली, फोनमधेच कार्डं मिळतात, फोनच विचारतो, फोनच तपासतो. तुम्ही म्हणालात, "पन चुकलं तं फोन हासते काय?" आणि डब्यांना ऊन दाखवून त्यांत कडुलिंबाचा पाला घातलात, बियाण्याला घालतात तसा. तेव्हापासून आपल्या जपानीला कडुलिंबाचा वास होता.

मी खूप एकटी होते, बाई. हे तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. तुमचे भाऊ गेल्यावर दुपार मला अंगावर यायची. भांडी झाली, दळण झालं, झोप येत नाही, बोलायला भिंती. मुलगा-सून चांगले आहेत, पण ते संध्याकाळी दमून येतात आणि "कशा आहात" विचारतात, तेव्हा "बरी आहे" एवढंच उत्तर त्यात मावतं. तुम्ही आलात आणि दुपारच्या जेवणाची मी वाट बघायला लागले, कारण जेवण झालं की तुम्ही डबा वाजवायच्या. डॉक्टर नको म्हणाले तरी पाटावर समोरासमोर बसायचं, एकीने कार्ड धरायचं, दुसरीने सांगायचं. चुकलं की तुम्ही चुटकी वाजवून म्हणायच्या, "गेलं पेरनीत!" असं कुणी आपल्याकडे लक्ष देऊन बघतं, आपण काय बोलतो त्याची वाट बघतं, हे सुख मला शाळा सुटल्यापासून मिळालं नव्हतं.

तुमची नात ऋतुजा इथल्या एका लग्नाला आली तेव्हाची फजिती आठवून मला परवा एकटीलाच हसू आलं. ती पुण्यात जपानी लोकांच्या कंपनीत, परीक्षा देऊन रीतसर भाषा शिकलेली. तुम्ही ऐटीत डबे काढलेत. तिने काही विचारलं, तुम्ही आपल्या म्हातारीसारखी मान डोलवून म्हणालात, "न्दा." ऋतुजा दिवाणावर आडवी होऊन हसायला लागली. "आजी, हे कुठून शिकलीस! 'हो'ला 'हाय' म्हणतात. हे तिकडच्या उत्तरेतल्या खेड्यातलं गावठी आहे. टोकियोत असं बोललीस तर लोक वळून बघतील." मला शरमल्यासारखं झालं. एवढी मेहनत केली, तीही चुकीच्या बाईकडून! तुम्ही मात्र शांतपणे कार्डं गोळा केलीत. "पुन्यात आमी तोंड उघडलं तं लोक वळून पाह्यतेच. मंग काय फरक पडला, बापा? ते 'हो' म्हनते, आमी 'हाव' म्हनतो. ते म्हातारी बी वऱ्हाडचीच निंगाली म्हनजे." त्या दिवशी तुम्ही मला एवढ्या आवडलात की मी तुमच्या ताटात न विचारता दुसरी पुरणपोळी वाढली. एवढंच केलं.

आपलं खरं भांडण वाक्यांचं. मी जन्मभर मराठी शिकवलेली, मला वाक्य झाल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नाही. आपल्याकडे मीठ होतं, खिडकी होती, किल्ली होती, पाऊस होता. पण खिडकी उघड म्हणता येत नव्हतं. मी मागे लागले की तुमचं ठरलेलं, "पयले कनगी भरू दे, मंग सयपाक." मी म्हणायची, "बाई, कनगी भरता भरता मरून जाऊ आपन." तुम्ही म्हणायच्या, "तहान लागली तं मानूस 'पानी' म्हनते. वाक्य पोट भरल्यावर सुचते." शेवटी श्रावणात तह झाला. तुमच्या वावरातलं सोयाबीन निघालं की वाक्यं सुरू करायची. तोवर शब्दच. तुम्ही हात पुढे केलात आणि मी टाळी दिली.

भाद्रपदात ताप आला तो छातीत उतरला. दवाखान्यात दारावरच्या सिस्टरने विचारलं, "तुमी कोन यांच्या?" मी म्हटलं, "भावजय." ती म्हणाली, "मंग तुमी बाहेर बसा मावशी, जवळचे असतीन त्याईले येऊ द्या." तिचं काही चुकलं नाही, एका वेळी एकच माणूस आत जाऊ शकत होतं. पण मी बाकावर बसून त्या "भावजय" शब्दाकडे बघत राहिले. तो खरा होता आणि तरी त्यात तुम्ही नव्हत्या.

मग तुमच्या धाकट्याने सिस्टरला विचारून मला आत बोलावलं. म्हणाला, "मामी, माय काहीतरी बडबडून राहिली, कोनालेच समजून नाही राहिलं." तुमच्या तोंडावरचा मास्क सरकलेला, ओठ कोरडे पडून फुटलेले. मी वाकले. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "मिझु." आणि परत, "मिझु." मी म्हटलं, "पाणी मागतात." तो माझ्याकडे बघत राहिला. पाणी प्यायला मनाई होती. सिस्टरने कापसाचा बोळा भिजवून दिला आणि मी तो तुमच्या ओठांवरून फिरवला. तुम्ही जिभेने तो ओलावा चाटलात आणि तुमची भुवई जरा वर गेली, मी शब्द बरोबर ओळखला की जायची तशी. एका शब्दाने काम झालं. तुमचं खरं निघालं. जिंकताना तुमचा चेहरा कसा व्हायचा ते मला माहीत होतं, आणि तो आता दिसणार नाही, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं.

लोक म्हणतात, शेवटी शुद्ध नव्हती, भ्रमात बडबडत होत्या. मी कुणाकुणाला सांगू की त्या बडबडत नव्हत्या, जपानी बोलत होत्या? ऋतुजाला सांगितलं तेव्हा ती खूप रडली. तिला वाटलं असेल, तिच्यासाठी बोलल्या. वाटू दे. पण ती तिथे नव्हतीच, आणि तो शब्द मला कळला, एवढं मात्र मी कुणाला वाटून देणार नाही.

आता सांगते एकटीचं कसं चाललं ते. चाललंच नाही. दुपारी डबा काढून बसते. कार्ड माझ्याच हातात, म्हणजे दोन्ही बाजू मलाच दिसतात. डोळे मिटून काढलं तर बोटाला दाणा लागतो आणि उत्तर कळतं. चुटकी वाजवणारं कुणी नाही. चुकलं काय, बरोबर आलं काय, कार्ड कुठल्याही डब्यात गेलं तरी चालतं. अख्ख्या राजापेठेत, अमरावतीत, पार अकोल्यापर्यंत जा, म्हातारीची ही गावठी जपानी बोलणाऱ्या आपण दोघीच होतो. एक भाषा आणि तिची दोन माणसं. त्यातलं एक गेलं तर दुसऱ्याने ती कुणाशी बोलायची?

ऋतुजा गुणाची आहे. तिने पुण्याहून फोन करून म्हटलं, "आजी, मी रोज विचारत जाईन तुम्हाला कार्डं, व्हिडिओ कॉलवर." दोन-तीन दुपारी तिने जेवणाच्या सुट्टीत केलंही. मी "न्दा" म्हटलं की ती हळूच "हाय" म्हणायची. हसायची नाही. माझं मन राखत होती पोरगी, आणि त्यानेच मला जास्त एकटं वाटायचं. मी तिला म्हटलं, "बाळा, तुझी सुट्टी खाऊ नको, जेव."

पण एक गोष्ट तिच्याकडून घेतली. परवा तुमच्या धाकट्याचा फोन आला, वावरात थ्रेशर लागलं म्हणून. सोयाबीन निघालं, बाई. तहाप्रमाणे वाक्यांची वेळ झाली. मी ऋतुजाला विचारलं, "'होती' कसं म्हणतात?" आपल्या सगळ्या शब्दांत गेलेल्याचा एकही शब्द नव्हता. मीठ होतं, खिडकी होती, सगळं समोर असलेलं. ती म्हणाली, दोन प्रकार आहेत. एक अदबीचा, पाहुण्यांपुढे, साहेबापुढे. एक घरचा, अगदी आपल्या माणसात बोलायचा. मी तिच्याकडून घरचा घेतला. आणखी एक शब्द विचारला, तो आपल्या तिन्ही डब्यांत नव्हता. तो तुम्ही कार्डावर कसा लावला असता, मला सुचत नाही, कारण त्याला चिकटवायला वस्तूच नाही.

आपली म्हातारी रोज सकाळी तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे वाटीभर भात ठेवते आणि गप्पा मारते, हे तुम्हाला फार आवडलं होतं. "बरं हाय व, मानूस मेलं तरी बोलनं बंद नाही." तुमचा फोटो अजून फ्रेम होऊन आला नाही. म्हणून आज दुपारी मी पाटावर बसले, समोर तुमचा पाट मांडला, आणि माझं पहिलं जपानी वाक्य म्हटलं. "तोमोदाची गा इता." परत म्हटलं, जरा मोठ्याने. बरोबर आलं की चुकलं, कोण सांगणार.

प्रज्ञाला आज सुट्टी होती हे मी विसरले होते. ती आतून केस पुसत आली, रिकाम्या पाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घाबरून माझ्याशेजारी खाली बसली.

"आई, कोनाशी बोलून राहिल्या?"

नणंद म्हणाले असते तर ती गप्प उठून गेली असती. या घरात आल्यापासून तुमचं-माझं दुसरं नातं मी कुणाला सांगितलं नाही, तुमच्यादेखत नाही आणि तुमच्यामागे नाही.

तो नवा शब्द मी मराठीत म्हटला, "माह्या मैत्रिनीशी."